बोर्डोवाल्यांनो, माझं मटण सपक करू नका

झालं असं की गेल्या महिन्यात आमच्या जवळच्याच एका मराठी घरी वास्तुशांत होती. शनिवारी पूजा, पुरणपोळी, आरत्या. रविवारी संध्याकाळी 'बाकीचं'. इथल्या रिवाजाप्रमाणे कोणी काय करून आणायचं याची वाटणी व्हॉट्सअ‍ॅपवर झाली. मी मटण उचललं. आमच्या घरात ते खातं माझ्याकडे आहे.

पाच मिनिटांत यजमानांचा निरोप: "मटण एकदम माइल्ड प्लीज. कांदा-लसूण मसाला नको. २०१५ ची बोर्डो उघडतोय, मसाल्याने किल होईल."

किल होईल! ज्या बोकडाचा जीव खरोखरच गेलाय त्याचं कोणाला काही नाही, पण बाटलीच्या जिवाला धक्का लागता कामा नये.

यजमान माणूस फार चांगला आहे. मदतीला रात्री दोनला धावून येईल. त्यामुळे हा लेख त्याच्यावर नाही. हा लेख त्या वाक्यावर आहे. शुगर लँडमध्ये येऊन मला बावीस वर्षं झाली, आणि या ना त्या रूपात हे वाक्य मी प्रत्येक वर्षी ऐकलंय. "आपल्या जेवणाबरोबर रेड वाइन जात नाही." "इंडियन करीबरोबर फक्त बिअर, नाहीतर गोडसर व्हाइट." "वाइन सीरियस असेल तर जेवण सिंपल हवं." आता पुण्या-मुंबईतल्या मित्रांकडूनही तेच ऐकू येतं, म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

आणि आधी कबुली देतो. हे वाक्य मीही बोललोय. तेही कोणाला, तर आईला.

२००७ साल. आई पहिल्यांदाच (आणि शेवटचीच) इकडे आली होती. आमचं गाव तासगाव तालुक्यातलं. आमच्याकडे कांदा-लसूण मसाल्याला मसाला म्हणत नाहीत, 'चटणी' म्हणतात. वर्षाची चटणी एकदाच कुटायची, बरणीत दाबून भरायची, आणि मग कालवण कसलंही असो, ती पडणारच. आईने दोन किलो चटणी कपड्यांच्या घड्यांत लपवून आणली होती. कस्टममधून ती कशी सुटली हा वेगळ्या लेखाचा विषय. त्याच महिन्यात मी माझ्या साहेबाला जेवायला बोलावलं. साहेब पूर्व टेक्सासचा, सहा फुटांच्या वर, आडवाही तेवढाच. मी नुकताच एका वाइनच्या पुस्तकाचा अभ्यास केला होता, आणि साठ डॉलरची बोर्डो आणली होती. साठ डॉलर! त्या काळी मी बूटसुद्धा तेवढ्याचे घेत नव्हतो. तर मी आईला म्हटलं, "आज चटणी घालू नकोस. वाइनची चव बिघडते."

आई माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "काय रं, माझ्या चटणीनं तुझी बाटली बाटती व्हय?"

आणि तिने खरोखरच चटणीशिवाय मटण केलं. आलं, लसूण, हळद, मीठ, थोडा गरम मसाला. साहेबाने सभ्यपणे खाल्लं. मग जरा वेळाने म्हणाला, "मला तर वाटलं होतं तिखट असेल, मी तयारीनं आलो होतो." हा माणूस ऑफिसात सँडविचबरोबर हालापेन्यो मिरच्या शेंगदाण्यासारख्या खातो! म्हणजे ज्याच्यासाठी सपक केलं त्याला तिखट हवं होतं, जिने केलं तिला ते पानात वाढवेना, आणि ज्याने करायला लावलं तो साठ डॉलरची तुरट वाइन पीत "वा, काय स्ट्रक्चर आहे" म्हणत बसला होता. आई २०१४ साली गेली. ते मटण मला अजून आठवतं, आणि चांगल्या कारणासाठी नाही.

असो. आता मुद्द्यावर येतो.

आधी यजमानांची बाजू, कारण ती खोटी नाही. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा, दोन्ही मुख्यतः द्राक्षाच्या सालीतून येतात. थोडा तुरटपणा बियांतून, थोडा ओकच्या पिंपातून. या तुरट द्रव्याला टॅनिन म्हणतात. ते लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत लागते. इंग्रजी पुस्तकं हे समजावून सांगण्यात पानं खर्ची घालतात. आपल्याला गरज नाही. मूठभर जांभळं खा, कळेल. आपल्या षड्रसांत तुरटाला हक्काची जागाच आहे. आता या टॅनिनसमोर चरबीचं, प्रथिनांचं मांस आलं की टॅनिन लाळेऐवजी त्याला चिकटतं, वाइन मऊ लागते आणि मांस हलकं. म्हणून स्टेक आणि बोर्डो. इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध.

मिरचीचं गणित निराळं. मिरचीचा 'तिखटपणा' ही चव नाहीच, ती भाजल्याची जाणीव आहे. जिभेवरचे जे ग्राहक साधारण ४२ अंशांच्या पुढे "पोळतंय" असा निरोप मेंदूला देतात, तेच मिरचीने जागे होतात. आणि २००२ साली इटालियन संशोधकांनी दाखवलं की अल्कोहोल या ग्राहकांची पातळीच खाली आणतं, ४२ वरून जवळपास ३४ अंशांवर. म्हणजे शरीराच्या तापमानाच्याही खाली! साडेचौदा टक्के अल्कोहोलची बोर्डो, वर भरपूर टॅनिन, आणि समोर झणझणीत रस्सा: तोंडात आग, आगीवर सॅंडपेपर. यजमानांचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर.

निष्कर्ष मात्र साफ चूक. माझा धंदा पाइपलाइनचा. पंप आणि लाइन यांचं जुळत नसेल तर आम्ही पंप बदलतो. विहिरीतल्या तेलाला "जरा पातळ हो" असं कोणी सांगत नाही. जेवण आपलं, पिढ्यांचं. बाटली काल दुकानातून आणली. जुळत नसेल तर काय बदलायचं?

बाटली बदलायची नसते, कारण बाटली 'बोर्डो' असते. आता या बोर्डोचा दरारा कुठून आला ते बघा. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनने बोर्डोच्या वाइनची प्रतवारी मागवली. ती केली कोणी? दलालांनी. कशावरून? मुख्यतः बाजारभावावरून. जी महाग ती श्रेष्ठ. दीडशेहून अधिक वर्षं झाली, एखाददुसरा फेरफार सोडला (१९७३ साली एकाला दुसऱ्या वर्गातून पहिल्यात घेतलं) तर तीच यादी आजही चालते. तासगावच्या बेदाणा सौद्यात १८५५ साली कोणाच्या मालाला काय भाव निघाला, त्यावरून आज पणतूच्या बागेची किंमत ठरवण्यासारखंच हे. आणि बोर्डोचा प्रांत ११५४ ते १४५३, जवळजवळ तीनशे वर्षं, इंग्लंडच्या राजाच्या ताब्यात होता. तिथली वाइन बंदरातून थेट इंग्रजांच्या पेल्यात. म्हणजे ज्याला आपण 'वाइनचे नियम' म्हणतो, त्यातले निम्मे इंग्रज साहेबाच्या रोस्टच्या बाजूने लिहिलेले आहेत. खुद्द बोर्डोतला शेतकरी काय खातो? वेलींच्या छाटणीच्या काड्यांचा जाळ करून त्यावर भाजलेलं मांस. मीठ, शेंदूर एवढा कांद्याचा बारीक चुरा, संपलं. (तासगावात छाटणीच्या काड्या चुलीतच जातात, पण ते जाऊ दे.) त्याच्या घरात मिरची नव्हती, म्हणून त्याची वाइन तशी झाली. तो काही विश्वाचा नियम सांगत नव्हता. तो फक्त घरी जेवत होता.

आता फ्रान्समधल्याच दुसऱ्या एका वाइनकडे या. बोजोले. बर्गंडीच्या दक्षिणेला, लिओं शहराच्या उत्तरेला, ग्रॅनाइटच्या टेकड्यांचा पट्टा. द्राक्ष गामे जातीचं. या गामेचा इतिहास मला भारी आवडतो. १३९५ साली बर्गंडीच्या ड्यूकने, फिलिप द बोल्डने, फर्मान काढलं की हे द्राक्ष अत्यंत वाईट आणि बेइमान आहे, सगळ्या वेली उपटून टाका. कारण काय, तर ते भरपूर पिकायचं, लवकर यायचं, आणि गरीब शेतकऱ्याला परवडायचं. ड्यूकला स्वतःच्या प्रांताची महागडी पिनो न्वार जपायची होती. हाकलून दिलेलं गामे दक्षिणेच्या ग्रॅनाइटवर जाऊन रुजलं, आणि तिथे असं रुजलं की त्याने ते घरच मानलं.

स्वभाव कसा? साल पातळ, म्हणून टॅनिन कमी. आंबटपणा छान, जिवंत. अल्कोहोल साधारण तेरा टक्क्यांच्या आसपास. करायची पद्धतही वेगळी: घड न चुरडता अख्खेच टाकीत घालतात, खालचे मणी दबून फुटतात, आंबायला लागतात, त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये वरचे मणी कोंडले जातात आणि आंबण्याची क्रिया मण्याच्या आतच सुरू होते. रंग आणि सुगंध उतरतो, तुरटपणा फार उतरत नाही. मला त्यात डाळिंब लागतं, आणि पिकलेलं करवंद. पुस्तकात स्ट्रॉबेरी आणि पिओनीचं फूल लिहिलेलं असतं. पिओनी मी आयुष्यात हुंगलेलं नाही, करवंदं मात्र चिक्कार खाल्लीत.

दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी गाजावाजा करून येणारी 'बोजोले नूव्हो' मी म्हणत नाही. ती एक गंमत आहे, हुरड्यासारखी. मी म्हणतोय ती तिथल्या दहा गावांची वाइन, ज्यांच्या बाटलीवर बहुतेक वेळा बोजोले हा शब्दही मोठा नसतो, गावाचं किंवा टेकडीचं नाव असतं: मॉर्गों, फ्लरी, मुलाँ-आ-व्हाँ, ब्रुई, शिरूब्ल वगैरे. फ्लरी नाजूक, मुलाँ-आ-व्हाँ अंगाने भक्कम. मॉर्गों या दोन्हींच्या मधली, आणि चारपाच वर्षं ठेवली तर अशी काही मुरते की तिथल्या लोकांनी त्या मुरण्यासाठी गावाच्या नावाचं क्रियापदच करून टाकलंय. ह्यूस्टनमध्ये पंचवीस-तीस डॉलरला चांगली मिळते. बोर्डोवाले तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. ड्यूकचे वारसदार!

आणि ती पितात कशाबरोबर? लिओंच्या खाणावळी, ज्यांना ते 'बुशों' म्हणतात, तिथे जाऊन बघा. मेजावर ४६ सेंटिलिटरची जाड बुडाची बाटली, तिला नाव 'पो'. ताटात काय? वजडी! आतड्याचे सॉसेज, ब्रेडचा चुरा लावून तळलेली वजडी, डुकराचे कान, मसुराची कोशिंबीर. हे लिओंच्या रेशीम विणकरांचं, हमालांचं जेवण. रात्रपाळी करून सकाळी नऊला हे खायचं आणि बोजोले प्यायची, याला तिथे वेगळं नाव आहे, 'माशों'. लिओंला तीन नद्या आहेत असं तिथे गमतीने म्हणतात: रोन, सोन आणि बोजोले.

मी हे वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून उभा राहिलो. वजडी आणि मसूर! अहो, हे तर आमचं ताट!

मग मी प्रयोग सुरू केले. बायकोने पहिल्यांदा वैताग केला, मग रस घेतला. पहिला नंबर आख्खा मसूर. सांगली-कऱ्हाडकडच्या वाचकांना सांगायला नको. भरपूर कांदा, चटणी, वर तेलाचा तवंग. त्याच्यासमोर थंडगार मॉर्गों: तिचा आंबटपणा तेल कापतो, कांद्याचा गोडवा तिच्या फळाला भेटतो, आणि टॅनिन कमी म्हणून मिरचीशी भांडण होत नाही. दुसरा नंबर वजडी. इथे ती कुठे मिळते? मेक्सिकन खाटकाकडे. त्यांच्याकडे तिचं मेनुदो नावाचं कालवण करतात, त्यामुळे साफ करून, पांढरीशुभ्र मिळते. तिसरं, सुकं मटण, पूर्ण चटणी घालून. हे मुलाँ-आ-व्हाँबरोबर. शाकाहाऱ्यांसाठी भरली वांगी. दाण्याचं कूट, तीळ, खोबरं यांचा स्निग्धपणा असा काही सांभाळून घेतो की कदाचित तीच सगळ्यात उत्तम जोडी असेल. आमच्या घरात मतभेद आहेत.

एक तांत्रिक सूचना. "रेड वाइन रूम टेंपरेचरला" हा आणखी एक आंधळेपणा. कोणाची रूम? तो नियम हीटर नसलेल्या दगडी फ्रेंच घरातल्या सोळा-अठरा अंशांचा. शुगर लँडच्या जुलैत माझ्या गॅरेजात वाइन ठेवली तर तिचा काढा होईल, आणि तासगावच्या एप्रिलमध्येही तेच. बोजोलेला तेरा-चौदा अंश हवेत. पिण्याआधी फ्रीजमध्ये पाऊण तास. गार वाइनने मिरचीही निवते, हा वरचा फायदा.

आणि जिथे जमत नाही तिथे जमत नाही हेही सांगतो, नाहीतर मीही त्या पुस्तकवाल्यांसारखाच. हिरव्या मिरचीचा ठेचा कोणत्याही वाइनला लोळवतो. मिसळीबरोबर ताक. तांबडा रस्सा वाटीने ओरपायचा असतो, त्याच्याबरोबर दुसरं पातळ काही नकोच, तो संपवा आणि मग सुक्या मटणाकडे वळताना पेला उचला. पुरणपोळीसमोर कुठलीही कोरडी लाल वाइन व्हिनेगर लागते. बांगडा-सुरमईबरोबर तर लाल वाइन नकोच: वाइनमधलं लोह आणि माशातली चरबी एकत्र आली की तोंडात मासळी बाजार भरतो. हे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये मोजून दाखवलंय. बाकी बोर्डोशी माझं वैर नाही. इथल्या टेक्सन ब्रिस्केटबरोबर, आठ-दहा तास धुरावर शिजलेल्या, मला बोर्डोच लागते. तिची जागा तिला द्या, सगळं घर देऊ नका.

आता खरी गंमत. 'फ्रेंच' 'फ्रेंच' म्हणून आपण जिच्यापुढे वाकतो, ती वेल उभी कशावर आहे? १८६० च्या दशकात अमेरिकेतून गेलेल्या रोपांबरोबर फायलोक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड फ्रान्समध्ये पोचली आणि देशभरच्या बागा मेल्या. उपाय एकच निघाला: अमेरिकन जंगली वेलीचा खुंट, त्यावर फ्रेंच डोळा. बोजोलेत शिरूब्ल गावच्या व्हिक्टर प्युलियाने हाच धोशा लावला. आणि चुनखडीच्या जमिनीत टिकणारे खुंट शोधताना फ्रेंच लोक आले थेट आमच्या टेक्सासात, डेनिसन गावच्या टी. व्ही. म्युन्सनकडे. त्याने घोड्यावरून रानोमाळ हिंडून जंगली द्राक्षं गोळा केली होती. फ्रेंच सरकारने १८८८ साली त्याला शेतीतला मानाचा किताब दिला. (म्युन्सनचा जन्म १८४३ चा. आमच्या शुगर लँडच्या साखर कारखान्याचं स्थापनेचं सालही तेच. कारखान्याची रिफायनरी २००३ मध्ये बंद पडली, नाव तेवढं गोड राहिलं. उसाच्या जिल्ह्यातून उठून मी साखरेच्याच गावात येऊन पडलो, यालाच नशीब म्हणत असावेत.)

आणि आता धक्का बसायला तयार व्हा. याच म्युन्सनच्या संग्रहातली एक जंगली वेल टेक्सासच्या बेल काउंटीतल्या बेल्टन गावाजवळची, 'डॉग रिज' नावाच्या टेकाडावरची. ओळखलंत? महाराष्ट्रातला कोणताही द्राक्ष बागायतदार ओळखेल. डॉगरिज! नव्वदच्या दशकात आमच्या विहिरींचं पाणी मचूळ झालं, जुन्या स्वमुळावरच्या बागा बसू लागल्या, तेव्हा सगळ्यांनी हाच जंगली खुंट लावला आणि त्यावर तास-ए-गणेश नाहीतर सोनाका भरली. आमच्या दादाची अख्खी बाग त्यावर आहे. दादा २०१८ साली इकडे आला तेव्हा मी म्हटलं, चल नासा दाखवतो. तो म्हणाला, "नासा ऱ्हाऊ दे. डॉगरिज कुठं हाय ते दाव." गेलो. तीनेक तासांची वाट. चुनखडीचा माळ, खुरटी झाडं, तारेची कुंपणं, चार गाई. दादाने गाडीतून उतरून मूठभर माती उचलली, चोळली, म्हणाला, "आपल्या जतसारखंच की रं." मग कुंपणावर चढलेल्या एका जंगली वेलीपाशी पाच मिनिटं उभा राहिला. पंढरपूरला लोक जसे उभे राहतात तसा.

म्हणजे बघा, फ्रेंच वाइन टेक्सासच्या रानातल्या मुळांवर. तासगावचं द्राक्षही टेक्सासच्या मुळांवर. मिरचीसुद्धा याच खंडाची. दक्षिण टेक्सासच्या रानात आजही वाटाण्याएवढी चिल्टेपिन आपोआप उगवते, आपल्याकडे मिरची पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणली. आणि शुगर लँडमध्ये बसून आपण सांगतोय की या दोघींचं जुळत नाही!

तुम्ही म्हणाल, पार्टीतल्या एका निरोपावरून केवढा हा त्रागा. नाही हो. याच्यात माझ्या घरचे दोन एकर गेलेत.

२००१ साली महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं. नाशिककडे विंचूरला आणि आमच्याकडे पलूसला वाइन पार्क निघाले. २००६ मध्ये दादाने दोन एकर शिराज लावली, एका वायनरीशी करार करून. पहिला तोडा उचलला, दुसरा उचलला. तिसऱ्याचे पैसे वर्षभर लटकले. चौथ्याला फोनच उचलेनात. वाइनचं द्राक्ष म्हणजे मणी बारीक, साल जाड, आत बिया. बाजारात कोणी खायला घेत नाही, बेदाणा धड होत नाही. २०१० च्या उन्हाळ्यात दादाने बाग बुडातून कापली. फोनवर एवढंच म्हणाला, "काढली." कारणं बरीच होती, जगभरची मंदी, गरजेपेक्षा जास्त लागवड, कोणाकोणाची लबाडी. पण एक कारण मला अजून सलतं. त्या दोन एकरांच्या तीस-चाळीस किलोमीटरच्या आत ती वाइन आपल्या जेवणाबरोबर घेणारं घरच नव्हतं. बोजोलेच्या शेतकऱ्याला लिओंचा विणकर होता. दादाला कोण होतं? त्याची वाइन मुंबईच्या हॉटेलात पास्त्याबरोबर जायची, आणि मुंबईला मंदी आली की तासगावात बाग कापली जायची. मी गावी गेलो की आपल्याकडच्या बाटल्यांची मागची बाजू वाचतो. कितीतरी बाटल्यांवर चीज, पास्ता, ग्रिल्ड मीट. भरली वांगी मला अजून एकाही बाटलीवर सापडलेली नाहीत.

जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हाची धमाल आठवत असेल. एक बाजू म्हणे, वाइन म्हणजे दारू नव्हे. दुसरी म्हणे, महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र होणार. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय काही अंमलात आला नाही. माझं दोन्ही बाजूंशी पटलं नाही. वाइन दारूच आहे, तेरा टक्के अल्कोहोल असलेली. दारूने बसलेली घरं मी आमच्या आळीत पाहिलीत, कोणी मला 'हेल्थ ड्रिंक' शिकवू नये. "हार्टसाठी घेतो हो थोडी" म्हणणाऱ्यांनी १९९१ साली अमेरिकन टीव्हीवर गाजलेल्या फ्रेंच हृदयांच्या कथेवर अजून किती वर्षं काढायची? जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दारूचं निर्धोक असं कोणतंच प्रमाण नाही. जो पीत नाही त्याने हा लेख वाचून सुरुवात करू नये. पण जे पितातच, आणि आता पुण्यात, नाशकात, इथे असे पुष्कळ आहेत, त्यांनी निदान स्वतःच्या ताटाची लाज वाटून पिऊ नये, एवढंच माझं म्हणणं. त्या सगळ्या गदारोळात "ही वाइन खायची कशाबरोबर" हा प्रश्न मला एकाही चर्चेत ऐकू आला नाही.

तर रविवारी मी काय केलं? चटणी घातली. नेहमीएवढी. ती चटणी वहिनी कुटते, आईच्या मापाने, आणि कोणी ना कोणी येताना घेऊन येतं. बर्फाच्या डब्यात मॉर्गोंच्या दोन बाटल्या ठेवल्या आणि गेलो. यजमानांना आधीच सांगितलं की तुझी बोर्डो जेवणाआधी चीजबरोबर उघड, तिचा मान राख. त्याने उघडली. उत्तम होती, मीही घेतली, खोटं कशाला बोलू. मग मटण आलं. यजमान जरा घुश्शातच होता. एक घास, एक घोट, मग काही न बोलता दुसरा घास. पटलं की नाही ते विचारलं नाही, पण मॉर्गोंची दुसरी बाटली त्यानेच उघडली.

रात्री भांडी आवरताना यजमानांच्या आई माझ्यापाशी आल्या. साताऱ्याकडच्या, दोन महिन्यांपूर्वीच मुलाकडे आलेल्या. वाइन वगैरे त्यांना काही नाही. हळूच म्हणाल्या, "चटणी घरची का हो?"

म्हटलं, होय काकू, तासगावची.

"थोडी मिळंल का? इथं आल्यापासून समदं फिकं खातीय."

दुसऱ्या दिवशी डबी भरून देऊन आलो.